मागीलदारी लाकडी डेक: प्रकल्प नोंदी, फोंडा तालुका, गोवा

१५ डिसेंबर २०२४

जागा मागीलदारी, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. उंबरा जमिनीपासून सुमारे २० इंच वर. सध्या तिथे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) ओबडधोबड पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. करायचे ते असे: ११ फूट लांब, ८ फूट रुंद लाकडी डेक, उंबऱ्यापेक्षा इंचभर खाली, पुढच्या बाजूला दोन पायऱ्या. काम करणारे दोघे, दोघेही पूर्ण अंध. खोदाईला आणि लाकूड उतरवायला मजूर घ्यायचे, बाकी काम आमचे.

मापे इंच-सुतात. वखारवाला, सुतार, गवंडी सगळे इथे याच मापात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच.

रचना खालून वर: चिऱ्याचे नऊ खांब, तीन-तीनच्या तीन ओळी. त्यांवर भिंतीला समांतर तीन तुळया, ३ इंच रुंद आणि ५ इंच उंच, प्रत्येकी १० फूट १० इंच. तुळयांवर आडवे नऊ वासे, २ बाय ४ इंच, ८ फुटी, ४ इंचाची बाजू उभी. त्यांवर ४ इंच रुंद, १ इंच जाड, ११ फुटी २३ फळ्या. दोन वाशांमध्ये मोकळी जागा १४ इंच. नऊ वाशांची जाडी १८ आणि आठ गाळ्यांचे ११२, मिळून १३० इंच. फळी १३२ इंचांची, म्हणजे दोन्ही टोकांना इंच-इंच बाहेर. हा मेळ मुद्दाम बसवून घेतला आहे. सगळे गाळे सारखे असले की एकच १४ इंची ठोकळा सगळीकडे चालतो आणि पट्टी एकदाही वाचावी लागत नाही.

लाकूड: फळ्या ७ घनफूट, वासे ४, तुळया साडेतीनच्या आत. तूट, पायऱ्या आणि काठपट्ट्या धरून १८ घनफूट सांगितले. वासे-तुळयांना किंदळ (किंजळ), फळ्यांना माट (ऐन). सागवान उत्तमच, पण इतक्या लाकडाला परवडत नाही. माड इथे मुबलक असला तरी त्याचा आतला गाभा मऊ असतो, औषध मुरवल्याशिवाय उघड्यावर टिकत नाही. परसातले उभे झाड तोडून लाकूड काढायचा विचार कोणी करत असेल तर आधी परवानगी घ्यावी. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ खासगी जमिनीतल्या झाडांनाही लागू आहे.

जुन्या घराच्या पाडकामातल्या तुळया स्वस्त मिळतात आणि सुकलेल्याही असतात. अडचण आत रुतलेल्या खिळ्यांची, करवतीचे पाते त्यावर गेले की दात उडतात. असे लाकूड घ्यायचेच असेल तर निओडिमियमचे लहान चुंबक दोऱ्याला बांधून चारही बाजूंवरून अगदी जवळून फिरवावे. खिळा असेल तिथे दोरा ओढ घेतो आणि बोटांना ते लगेच कळते. मात्र फार खोल रुतलेला खिळा असा सापडेलच याची खात्री नाही. आम्ही नवे लाकूड घेतले.

२२ डिसेंबर

लाकूड उतरले. खाली चिरे, त्यांवर रिपा, मग एकेक थर, दर थरात दोन-दोन फुटांवर आडव्या रिपा. वरून पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीने गुंडाळून ठेवले की आतला ओलावा आतच राहतो आणि बुरशी धरते.

सुकल्याची परीक्षा वजनावर. एका फळीचा फूटभर तुकडा थप्पीच्या मधल्या थरात ठेवला आहे. तो दर रविवारी बोलणाऱ्या किचन काट्यावर ठेवायचा आणि वजन नोंदवायचे. सलग तीन आठवडे वजन हलले नाही की लाकूड इथल्या हवेशी जुळले. तुकड्याची दोन्ही टोके मेणाने बंद केली आहेत. तसे केले नाही तर टोकांतून तो भरभर सुकतो आणि सगळे लाकूड सुकल्याचा खोटा भरवसा देतो.

५ जानेवारी २०२५

मापाच्या काठ्या तयार केल्या. या कामाचा कणा याच.

खांबांच्या केंद्रांतली अंतरे: लांबीत ५६ आणि ५६, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ११२ इंच. रुंदीत ४२ आणि ४२, म्हणजे ८४. आता ८४, ११२ आणि त्यांचा कर्ण १४० हे प्रमाण बरोबर ३:४:५ आहे आणि तिघांचे मूळ माप २८ इंच. म्हणून आधी ब्रेल पट्टीने २८ इंचांचे दोन तुकडे केले आणि ते एकमेकांना भिडवून तंतोतंत सारखे करून घेतले. मग लांब रिपेवर टोकापासून पहिला तुकडा, त्याला भिडवून दुसरा, पहिला उचलून पुढे, असे तीनदा मोजले की ८४, चारदा ११२, पाचदा १४०. तुकडा ठेवताना क्लॅम्पने धरायचा. नुसता हाताने दाबला तर पुढचा भिडवताना सरकतो.

यातली खुबी अशी की २८ इंचांच्या तुकड्यात अर्ध्या सुताचा फरक असला तरी काटकोन बिघडत नाही. आकडे घेऊन मोजले असते तर तीन वेळा वाचनाची चूक होण्याची जागा होती. इथे चूक झालीच तर ती तिन्ही बाजूंत सारख्याच प्रमाणात वाढते, आकार तोच राहतो.

प्रत्येक काठीच्या टोकाला करवतीच्या खाचा: एक खाच ८४, दोन खाचा ११२, तीन खाचा १४०. मध्यबिंदूला भोक. सुताच्या मापांसाठी ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकचे तुकडे, एकावर एक ठेवून मोजायचे. हे चार तुकड्यांपर्यंत ठीक. खरे सूत ३.१७५ मिलिमीटर असल्याने आठ तुकडे एका इंचापेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर कमी भरतात.

१२ जानेवारी

आखणी. दोरी बांधलीच नाही. दोरीला हात लावला की ती हलते, घोट्याच्या उंचीवर असली की पाय अडकतो. तिन्ही काठ्यांचा त्रिकोण खिळ्यांनी जोडून जमिनीवर ठेवला. ११२ ची बाजू भिंतीला समांतर, भिंतीपासून साडेदहा इंचांवर, अंतरासाठी दोन्ही टोकांना साडेदहा इंचांचे ठोकळे. वाशाचे टोक भिंतीपासून अर्धा इंच सुटे आणि मागची तुळई त्या टोकापासून दहा इंच आत, म्हणून हे अंतर. तीन कोपऱ्यांवर आणि मध्यांवर पोफळीच्या खुंट्या ठोकल्या, मग त्रिकोण उलटा करून चौथा कोपरा. शेवटी १४० ची काठी दुसऱ्या कर्णावर ठेवून पाहिली. दोन्ही टोके खुंट्यांशी जुळली म्हणजे आयत खरा.

चिऱ्याची गिलावा केलेली भिंत सरळ असेल असे धरून चालू नये. ११ फुटी सरळ रीप भिंतीला लावून मागच्या फटीत पाचर सरकवत गेले की फुगवटा कुठे ते सापडते. आमच्या भिंतीत मधोमध तीन सूत फुगवटा आहे. अर्ध्या इंचाची फट त्याला पुरते.

१८ जानेवारी

खड्डे १८ बाय १८ इंच, १८ इंच खोल. वरची माती फुटभर, खाली घट्ट जांभा मुरूम. पहार आपटली की आवाज बदलतो, मातीत बसका, मुरमावर खणखणीत. सगळ्या नऊ खड्ड्यांत तो खणखणीत आवाज येईपर्यंत खणले. भिंतीलगतच्या ओळीत खड्डे १२ इंच रुंद ठेवले. घराच्या पायाच्या चिऱ्यांखाली मात्र खणायचे नाही, पाया उघडा पडतो.

खणलेला प्रत्येक खड्डा लगेच फळीने झाकायचा आणि फळीवर चिरा ठेवायचा. अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवलेले बरे.

१९ जानेवारी

तळाला चार इंच काँक्रीट, १:४:८ (सिमेंट, रेती, खडी). मोठ्या खड्ड्यामागे पाऊण घनफूट, भिंतीलगतचे अरुंद धरून नऊ मिळून पावणेसातच्या आत, सिमेंट साधारण पाऊण पोते. नदीच्या रेतीऐवजी क्रशरची चुरी. घमेल्याचे माप सारखे यावे म्हणून ते भरून वरून फळीने सपाट कापायचे. ढीग करून भरलेले घमेले दरवेळी वेगळे भरते. पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष फोनवर सीइंग एआय (छापलेले मोठ्याने वाचणारे अ‍ॅप) लावून वाचून घेतले. तीन महिन्यांहून जुने सिमेंट परत द्यावे, त्याची ताकद उतरलेली असते.

कालवलेला माल मुठीत दाबला की गोळा व्हावा आणि बोटांतून पाणी गळू नये. ही परीक्षा नायट्रिलचे पातळ हातमोजे घालूनच करावी. ओले सिमेंट कातडी जाळते, आणि ते लगेच टोचत नाही, संध्याकाळी कळते. बोटांची टोके सोलली की ब्रेल वाचणे, लाकडाची कड तपासणे, सगळेच अडते. जाड रबरी मोज्यांत काही जाणवत नाही, म्हणून माणसे मोजे काढून टाकतात. त्यापेक्षा पातळ मोजे घालावेत आणि फाटले की बदलावेत.

२५ जानेवारी

प्रत्येक खांबाला एकावर एक तीन चिरे, १४ बाय ९ इंच, उंची सहाच्या आसपास. चिऱ्याचे माप खाणीगणिक बदलते, म्हणून एकाच गाडीतले घ्यावेत. आधी पाण्यात बुडवून ठेवले. जांभा सच्छिद्र असतो, कोरडा लावला की मालातले पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. माल १:६. खांब उभा आहे का ते ओळंब्याने: दोरी वर पाव इंचाच्या ठोकळ्यावरून सोडायची, खाली तसाच ठोकळा सरकवायचा. तो दोरीला जेमतेम टेकला की खांब सरळ. ओळंबा पाण्याच्या डब्यात बुडवला की झुलत नाही. सात दिवस ओले पोते.

२ फेब्रुवारी

पाणसळ. हे काम सगळ्यांत नाजूक, म्हणून सविस्तर लिहितो.

फोनमधली पातळी दाखवणारी सोय इथे उपयोगाची नाही. आयफोन अंश मोठ्याने वाचून दाखवतो, पण पूर्ण अंशांतच. एक अंश म्हणजे आठ फुटांत दीड इंचाहून जास्त, आणि आम्हाला हवा तो उतार फुटाला एक सूत, म्हणजे अंशापेक्षाही कमी.

वापरले ते: एक बादली, बागेला पाणी घालायची १२ मिलिमीटरची नळी, आणि कपात चहा ओतताना अंध माणसे वापरतात तो बीप देणारा सूचक. त्याच्या दोन तारांना पाणी लागले की तो वाजतो. नळी पारदर्शक असण्याची गरज नाही.

बादली उंबऱ्याजवळ स्टुलावर, नळीचे एक टोक तिच्या तळाशी. दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून नळी भरून घेतली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते आणि आपल्याला तो दिसणार नाही. परीक्षा सोपी: मोकळे टोक बादलीच्या काठाला धरून हळूहळू खाली न्यायचे. बादलीतल्या पाण्याच्या पातळीला ते भिडल्याबरोबर बीप यायला हवा. आधी किंवा नंतर आला तर आत हवा आहे, नळी उंच करून झटकायची आणि पुन्हा भरायची.

मग नळीचे तोंड उंबऱ्याच्या कडेशी बोटाने सपाट जुळवले, सूचक तोंडात अडकवला आणि बादलीत मगाने थोडे थोडे पाणी घातले, बीप येईपर्यंत. आता पाण्याची पातळी म्हणजेच उंबऱ्याची पातळी, नळी कुठेही न्या.

खांबाचा माथा उंबऱ्यापासून किती खाली हवा त्याच्या तीन काठ्या: मागच्या ओळीला ११ इंच १ सूत, मधल्या ओळीला ११ इंच साडेचार सूत, पुढच्या ओळीला पुरते १२ इंच. यात डेक उंबऱ्याखाली एक इंच, फळी-वासा-तुळईचे दहा इंच आणि उतार असे सगळे आले. काठी साच्याच्या (खांबावर ठेवलेल्या फळ्यांच्या चौकटीच्या) काठावर उभी करायची, नळीचे तोंड काठीच्या माथ्याशी बांधायचे, साचा पाचरींनी वर-खाली करायचा. बीप सुरू होतो त्या क्षणी थांबायचे. दरवेळी अर्धा मिनिट थांबावे, नळीतले पाणी वर-खाली होत असते.

पाणी सांडले तर काय? बादलीचा व्यास फुटाचा असेल तर १०० मिलिलिटर गेल्याने पातळी अर्ध्या सुताहूनही कमी उतरते. अरुंद डबा घेतला तर मात्र हीच गळती दोन-तीन सुतांचा घोळ करते. दर तीन खांबांनंतर उंबऱ्यावर परत येऊन बीप तपासला.

साचा म्हणजे चार फळ्यांची चौकट, चिऱ्याच्या मापाची. ती पातळीवर बसवली की आत काँक्रीट भरून वरून पट्टी ओढायची. माथा आपोआप बरोबर उंचीला येतो. काँक्रीटच्या या टोपीची जाडी जागेप्रमाणे अडीच ते साडेतीन इंच. प्रत्येक खांबात फुटभर लांबीची १२ मिलिमीटरची आटे पाडलेली जस्ताळलेली सळई: खाली चिऱ्यात तीन इंच, मग टोपीतून वर. आट्यांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर सिमेंट भरून नट चढत नाही.

२३ फेब्रुवारी

खांबांच्या माथ्यांवर जस्ती पत्र्याच्या टोप्या, चारही बाजूंना दोन इंच बाहेर आणि कड खाली वाकवलेली. वाळवी खांबावरून मातीची नळी करत वर चढते. या पत्र्यावरून वळसा घालताना तिला उघड्यावर यावे लागते. म्हणजे पत्र्याने वाळवी थांबतेच असे नाही, पण ती हाताला लागते, आणि आम्हाला तेच हवे. विहीर जवळ असल्याने जमिनीत वाळवीचे औषध ओतलेले नाही. पत्रा कापून आणतानाच त्याच्या कडा दुमडून घ्याव्या. कच्ची कड पात्यासारखी असते आणि तपासताना बोटे तिथूनच फिरतात.

तुकड्याचे वजन अजून उतरते आहे. फळ्यांना हात नाही.

९ मार्च

तुळया. भोके कुठे पाडायची हे मोजले नाही. तुळई नऊ खांबांपैकी आपल्या तीन सळयांवर अलगद ठेवायची, बाजूच्या ठोकळ्यांशी जुळवायची आणि वरून लाकडी हातोड्याने ठोकायची. खाली सळईच्या टोकाचा गोल खळगा उमटतो. तुळई उलटी केली की तो बोटाला स्पष्ट लागतो आणि ड्रिलचे टोकही तिथे आपोआप बसते. आधी ४ मिलिमीटरचे आरपार भोक, मग १४ चे. ड्रिल काटकोनात जावे म्हणून तीन इंच जाड ठोकळ्यात दुकानातल्या उभ्या ड्रिलवर भोक पाडून आणले आहे. तो ठोकळा खळग्यावर क्लॅम्प केला की हात तिरका होत नाही.

खांब तुळईच्या टोकापासून ९, ६५ आणि १२१ इंचांवर आहेत. पाचवा वासा ६४ ते ६६ वर येतो, म्हणजे प्रत्येक तुळईचा मधला नट बरोबर त्याच्याखाली. तेवढ्या तीन ठिकाणी वरून सव्वा इंच व्यासाचे, इंचभर खोल भोक करून नट लाकडात बुडवला. तिथे पाना पुन्हा पोचणार नाही, म्हणून स्प्रिंग वॉशर आणि दोन नट.

तुळईच्या खालच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांना काजूच्या टरफलाचे तेल दोन हात. होड्यांना आणि घराच्या लाकडाला ते पूर्वीपासून लावतात, कीड धरत नाही. पण अंगाला लागले तर फोड येतात. लांब दांड्याचा ब्रश, कोपरापर्यंत मोजे, आणि सुकले की नाही हे हाताने नव्हे, कागदाचा तुकडा टेकवून पाहायचे.

१६ मार्च

वाशांचा बाक. प्रत्येक वासा थोडा तरी कमानदार असतो आणि कमान वर ठेवायची असते, म्हणजे वजनाने ती सपाटीकडे येते. डोळ्यांनी हे एका टोकाकडून पाहतात. आमची रीत तीन ठोकळ्यांची. वाशाच्या दोन्ही टोकांवर अर्ध्या इंचाचे ठोकळे, त्यांवरून ताणलेली नायलॉनची दोरी, आणि तसाच तिसरा ठोकळा दोरीखालून सरकवत न्यायचा. तो मध्यावर अडकला तर ती बाजू फुगलेली, सैल गेला तर खोलगट. फुगलेल्या बाजूवर टोकाला खाच पाडायची. दोन सुतांपर्यंतचा बाक चालतो. त्याहून जास्त असलेला एक वासा कापून पायऱ्यांच्या कामाला ठेवला.

वासे १४ इंची ठोकळ्यांवर बसवले, प्रत्येक गाळ्यात दोन ठोकळे, तिसऱ्या तुळईपाशी आणि पहिल्या तुळईपाशी. २७ छेदांवर जस्ती कोन, एका आड एक बाजूला. नऊही बसल्यावर १३० इंचांची एकूण रुंदी तपासली. फरक एका सुताच्या आत.

३० मार्च

वजन स्थिर झाले. फळ्या कापायला घेतल्या.

दहा इंची माइटर सॉ (फळ्या आडव्या छाटायची विजेची करवत). मागच्या कुंपणाला एक जाड रीप स्क्रूने लावली आणि तिच्यात एकदा करवत चालवली. त्या रिपेतली खाच म्हणजे पाते जाते ती नेमकी जागा, बंद करवतीवर बोटाने शोधता येते. त्या खाचेच्या काठापासून ११ फुटांवर ठेप पक्की केली. फळीचे एक टोक आधी काटकोनात छाटायचे, मग ते ठेपेला भिडवून दुसरे छाटायचे. सगळ्या २३ फळ्या सारख्या निघतात. ठेपेच्या बुडाशी तिरका छाट हवा, नाहीतर तिथे भुसा साचतो आणि प्रत्येक पुढची फळी थोडी थोडी आखूड होत जाते.

हातांची जागा ठरलेली. डावा हात फळी धरतो ती जागा पात्यापासून फुटभर दूर, तिथे खिळ्याने ठोकलेली आडवी पट्टी. हात त्या पट्टीला टेकला नाही तर उजव्या हाताने बटण दाबायचे नाही. कापून झाल्यावर पाते पूर्ण थांबेपर्यंत करवत खालीच दाबून धरायची. तुकड्याला हात लावायचा तो आवाज पूर्ण विरल्यावर. खाच तपासायची, पाते बदलायचे, ठेप हलवायची, काहीही असले तरी आधी प्लग काढून खिशात.

कानांचे काय करावे यावर मते वेगळी असतात. करवतीचा आवाज कान बिघडवतो, आणि कान बंद केले की पाते थांबल्याचे, जोडीदार जवळ आल्याचे कळत नाही. आमचे मत: इलेक्ट्रॉनिक इअरमफ. ते मोठा आवाज दाबतात आणि बोलणे आत येऊ देतात. ते नसतील तर कापतानाच प्लग घालायचे आणि एका वेळी एकानेच काम करायचे, दुसऱ्याने ठरलेल्या जागी उभे राहायचे.

बटण अडकवून ठेवायची खिट्टी असलेल्या यंत्रावर ती खिट्टी वापरू नये. वीज गेली आणि आपण यंत्र खाली ठेवले, की वीज परत आल्याबरोबर ते आपोआप सुरू होते. मार्चपासून वीज येते-जाते, हे ध्यानात ठेवावे. वायर नेहमी खांद्यावरून मागे, आणि जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच).

१३ एप्रिल

फळ्या बसवणे. पहिली फळी भिंतीशी, अर्ध्या इंचाच्या ठोकळ्यांवर. दोन फळ्यांत फट दोन सूत, त्यासाठी ६ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकचे तुकडे, वर खिळ्याची मूठ. दोन सूत का, तर एप्रिलमध्ये लाकूड कोरडे असते. पावसाळ्यात चार इंची फळी सुताभराने फुगू शकते. एक सूत फट ठेवली असती तर जुलैत फळ्या एकमेकींना भिडून वर उचलल्या असत्या. तीन सूत ठेवली तर उन्हाळ्यात पांढऱ्या काठीचे बारीक टोक अडकते.

टोके जुळवायला बाजूच्या वाशाबाहेर इंचभर अंतरावर उभी ठेप. प्रत्येक फळी तिला भिडवायची.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, १० नंबर, अडीच इंची. २३ फळ्या, ९ वासे, प्रत्येक छेदावर दोन: ४१४. साडेचारशे आणले. साधे लोखंडी स्क्रू माटेच्या लाकडात काळे ओघळ सोडतात आणि गंजून मान तुटते. इथे ३०४ ची जात पुरते, समुद्राला लागून घर असेल तर ३१६ घ्यावी.

भोकांसाठी साचा: ४ इंच लांबीचा ठोकळा, दोन्ही बाजूंना खाली उतरलेल्या कडा, म्हणजे तो फळीवर टोपीसारखा बसतो. त्यात कडेपासून पाऊण-पाऊण इंचावर दोन भोके. खालची एक जीभ शेजारच्या फटीतून वाशाच्या बाजूला टेकते, त्यामुळे भोक नेमके वाशाच्या मध्यावर पडते. साडेतीन मिलिमीटरचा बिट, त्यावर खोलीची कडी. भोक न पाडता स्क्रू चढवला तर माट टोकाशी चिरते. चीर ऐकू येते, पण तोवर फळी गेलेली असते. स्क्रू चालवताना ड्रिलचा क्लच असा लावायचा की डोके फळीशी सपाट होताच तो टकटक करून थांबतो. आधी टाकाऊ तुकड्यावर क्लच जुळवून घ्यावा.

दर पाच फळ्यांनी २१ इंचांची काठी दोन्ही टोकांना. फळ्यांच्या रुंदीत वखारीतूनच थोडा फरक असतो आणि तो साठत जातो. एका टोकाला काठी सैल लागली तर पुढच्या तीन-चार फटींत अर्धे-अर्धे सूत वाटून घ्यायचे. एकाच फटीत भरून काढले की पायाला ती फट कायम वेगळी लागते.

तेविसाव्या फळीची पुढची कड वाशांच्या टोकापासून दीड इंच बाहेर आली. पुढून एक इंची आडवी पट्टी लावल्यावर अर्धा इंच नाक राहिले. पायरीला तेवढे पुरे.

२० एप्रिल

पायऱ्या दोन, चार फूट रुंद, दारासमोर सरळ रेषेत. तिन्ही चढ सारखे, सहा इंच. पाय पहिल्या पायरीवर उंची शिकतो आणि पुढे तीच धरून चालतो, म्हणून दोन सुतांचा फरकही ठेच लावतो. पाऊल ठेवायला फुटभर. खालची पायरी मातीवर नव्हे, चिऱ्याच्या फरशीवर.

दोन्ही बाजूंना आणि पुढे, पायऱ्यांची जागा सोडून, २ बाय ३ इंचाची काठपट्टी. खाली अर्ध्या इंचाचे ठोकळे, म्हणजे पाणी आणि पाने खालून निघून जातात. काठी किंवा पाय पट्टीला लागला की डेक संपला. पायऱ्यांपुढच्या शेवटच्या तीन फळ्यांवर, फक्त त्या चार फुटांत, इंच-इंचावर आडव्या खाचा, एक सूत खोल, कडा घासून गोल. घरात-अंगणात माणसे अनवाणी वावरतात. अनवाणी पायाला ही खूण चपलेपेक्षा लवकर कळते. गोल डोक्याचे धातूचे ठिपके लावता आले असते, पण उन्हात तापतात आणि पावसात निसरडे होतात.

डेकखालच्या पोकळीला चारही बाजूंनी अर्ध्या इंचाची जाळी. एक बाजू चार स्क्रूंची, काढता येणारी. आत हात घालण्यापूर्वी बांबूने सगळीकडे ठोकायचे, मग जाड मोजे. घोणस सावलीत आणि पाल्यात पडून राहते.

२७ एप्रिल

तेल. नुसते उकळलेले जवसाचे तेल इथल्या पावसाळ्यात काळी बुरशी धरते, म्हणून बुरशीनाशक घातलेले बाहेरच्या लाकडाचे तेल. एका वेळी एकच फळी, टोकापासून टोकापर्यंत, फळीच्या टोकाशी कपड्याचा चिमटा. फळी झाली की चिमटा पुढच्या फळीवर. डब्याचे वजन दर फळीनंतर काट्यावर. एखाद्या फळीला एकदम कमी तेल लागले तर काही भाग सुटला असण्याची शक्यता जास्त. पंधरा मिनिटांनी उरलेले पुसून घ्यायचे, नाहीतर चिकट थर राहतो. शेवटी बी माय आइजवर (अंधांना डोळस स्वयंसेवकांशी जोडणारे अ‍ॅप) व्हिडिओ कॉल करून कोरडे डाग विचारून घेतले.

तेलाचे बोळे पाण्याच्या डब्यात बुडवायचे, मग उघड्यावर पसरून वाळवायचे. गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेतात.

२८ मे

मोसमी पाऊस यंदा २५ तारखेलाच गोव्यात पोचला. डेकवर पाणी साचत नाही, फटींतून पडते. पावसात उभे राहून ऐकले तर थेंबांचा आवाज सगळीकडे सारखा येतो. कुठे पाणी साचले तर तिथे तो बदलतो. उंबऱ्याच्या आत ओल नाही.

१३ जुलै

फटी मोजल्या, २, ३, ४ आणि ५ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिक पट्ट्यांनी. बहुतेक ठिकाणी ४ ची जाते, ५ ची जात नाही. भिंतीकडच्या दोन फटींत ३ चीच जाते. तिथे छपराचे पाणी पडते आणि लाकूड अधिक फुगते. पन्हळीचे तोंड पुढे वाढवायचे आहे. शेवाळासाठी काथ्याच्या ब्रशने फळीच्या लांबीने आठवड्याला एकदा घासतो, साबणाशिवाय. खांबांवरच्या पत्र्यांखालून बोटे फिरवली, मातीची नळी कुठे नाही.

ऑक्टोबरात, लाकूड पुन्हा आकसायला लागले की, टोकांचे सहा नट त्यांच्यावरची फळी काढून आवळायचे, आणि तेलाचा दुसरा हात तुकड्याचे वजन स्थिर झाल्यावरच.